मुंबई बेटाची दोन दिवसांची सफर

वऱ्हाडांत समुद्र नाहीं. पूर्णेचें पाणी तापींत जातें आणि तापीचें पाणी सुरतेपाशीं समुद्राला मिळतें, एवढाच काय तो आमचा सागराशीं भूगोलाच्या पुस्तकांतला संबंध. म्हणून दोन दिवसांची सवड सांपडली म्हणजे अमरावती-अकोल्याचीं कुटुंबें चिखलदऱ्याला जातात, शेगांवला जातात. आणि मुलांनीं समुद्राचा हट्ट धरलाच, तर नारळी, होड्या व पांढरी वाळू यांच्या चित्रांनीं भरलेलीं प्रवासी कंपन्यांचीं पत्रकें घरांत येऊं लागतात. कोणी अंदमान सुचवितो, कोणी दीव. पुढें अंतर, रजा आणि खर्च यांचा मेळ घालूं लागलें कीं तीं पत्रकें आपोआप बाजूला पडतात. अशा वेळीं वाचकांस आम्ही एक बेट सुचवितों. तें उष्ण कटिबंधांत आहे. त्याच्या भोंवतीं खारें पाणी आहे. आणि रात्रीं अकोल्यास गाडींत बसलेला मनुष्य सकाळीं तेथें उतरतो. त्या बेटाचें नांव मुंबई.

हें नांव ऐकून वाचक हसतील. मुंबईस लोक नोकरीसाठीं जातात, इस्पितळासाठीं जातात, मंत्रालयांतल्या कामासाठीं जातात. सफरीला म्हणून वऱ्हाडांतून तेथें कोण जाणार? शिवाय आपण बेटावर राहतों, ही गोष्ट खुद्द मुंबईकराच्याही ध्यानांत क्वचितच असते. वऱ्हाडी मनुष्यानें मात्र ती विसरूं नये असें आम्हांस वाटतें. ज्या शतकांत त्या बेटाचें महानगर झालें, त्याच शतकांत वऱ्हाडचें त्याच्याशीं नातें जडलें. आणि तें कापसानें जोडलें. आमची रुई आमच्या आधीं त्या बेटावर गेली. ती कोणत्या वाटेनें गेली, कोठें उतरली आणि तिचा भाव कोणीं ठरविला, हें ठाऊक करून घेऊन जो जाईल त्याला मुंबईंत पाहण्यासारखें पुष्कळ सांपडेल. एरवीं चौपाटीवर पाय भिजवून आणि दुकानें पाहून परत यावयाचें, तर त्यासाठीं अकोल्याहून ५८४ किंवा बडनेऱ्याहून ६६३ किलोमीटर जाण्याचें फारसें प्रयोजन नाहीं.

प्रथम बेटाची हकीकत पाहूं. मूळ तें एक बेट नव्हेच. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशीं हीं सात बेटें. भरतीच्या वेळीं मध्यें पाणी, ओहोटीला चिखल. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें तीं पोर्तुगीजांच्या हवालीं केलीं. १६६१ सालीं पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या करारांत मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे आली, आणि १६६८ सालीं त्यानें ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठीं दहा पौंडांच्या भाड्यानें देऊन टाकली. राजाला त्या चिखलांत यापेक्षां अधिक कांहीं दिसलें नसावें! पुढें माणसानें समुद्राला एकेक बांध घातला. वरळीजवळची खाडी हॉर्नबीच्या बांधानें १७८४ च्या सुमारास अडली. कुलाब्याचा रस्ता १८३८ सालीं झाला. लेडी जमशेटजी यांच्या देणगींतून माहीमचा रस्ता १८४५ सालीं खुला झाला.

यांतला कुलाब्याचा रस्ता आमच्या कामाचा आहे. त्यापूर्वीं मुंबईंत आलेला कापूस किल्ल्याच्या मधोमध, सेंट थॉमसच्या देवळासमोरच्या मोकळ्या मैदानांत पडलेला असे. रुईचा धुरळा आणि आगीचें भय यांनीं किल्ल्यांतले रहिवासी त्रासून गेले होते. कुलाब्याला जाण्यास पक्का रस्ता होतांच १८४४ सालीं हा बाजार तिकडे हलविण्यांत आला. बेटें एकमेकांस जोडण्याच्या खटाटोपामागें कापसाची सोय किती होती, तें या दोन सालांच्या जवळिकीवरून समजतें.

आतां आमच्या बाजूची हकीकत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाडच्या कापसाचें तोंड मुंबईकडे नव्हतेंच. तो लमाणांच्या तांड्यांवर लादला जाऊन सुमारे पांचशें मैलांवर गंगाकांठच्या मिर्झापुरास जाई आणि तेथून नावांनीं कलकत्त्यास. दिवसाला आठ-दहा मैल या बैलांच्या चालीनें पाहिलें तर एका खेपेला दीड-दोन महिने लागत. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लाख बैलांवरचा कापूस खुष्कीच्या वाटेनें कलकत्त्याला रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. मुंबईची वाट दाखविली ती विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनीं, १८२५-२६ च्या सुमारास. सह्याद्रीचे घाट, पावसाळ्यांत फुगलेल्या नद्या आणि काळ्या जमिनीचा चिखल यांतून ती वाट काढणें सोपें नव्हतें. पण समुद्र तिच्या शेवटाला होता, आणि त्या समुद्रापलीकडे लँकेशायरच्या गिरण्या होत्या. १८५३ सालीं फौजेच्या खर्चापोटीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें, त्या व्यवहारावरही या गिरण्यांची सावली पडलेली आहे.

अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी पेटली. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी होऊन तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि सर्व जगाची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. चार वर्षांत मुंबईंत नेहमींच्या मिळकतीपेक्षां सत्तर-ऐंशी कोटी रुपये अधिक आले असा अंदाज आहे. एवढा पैसा त्या लहानशा बेटावर मावेना. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पांच हजारांच्या शेअरला अनेक पटींनीं मोल आलें. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या दाराशीं मोठमोठे अंमलदार तिष्ठूं लागले. मग १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतलें युद्ध संपलें. भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायदे पुरे करण्याच्या दिवशीं अर्धी मुंबई बुडाली. बँक ऑफ बॉम्बेही पुढें टिकली नाहीं.

या कथेंत वऱ्हाडच्या वाट्याला काय आलें हें पाहण्याजोगें आहे. भाव चढला तेव्हां रुळ येथपर्यंत आलेच नव्हते. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. थळ घाटाचें काम १८६५ सालीं पुरें झालें. आणि अकोला-बडनेऱ्यावरून जाणारा रस्ता नागपुरास पोंचला तो १८६७ सालीं. म्हणजे सोन्याची लूट चालली होती तेव्हां आमचा कापूस बैलगाडींत होता, आणि आगगाडी आली तेव्हां लूट संपली होती. त्यानंतर मात्र कांहीं राहिलें नाहीं. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं मुंबईला समुद्रांतील तारेनें विलायतेशीं जोडण्यांत आलें. त्याच सालीं जलंबहून खामगांवला फांटा गेला. लिव्हरपुलांत झालेला भाव थोड्याच अवकाशांत खामगांवच्या बाजारांत ऐकूं येऊं लागला. तेथल्या दलालांच्या बोलींत वऱ्हाडच्या रुईच्या जातीचें नांवच 'ऊमरा' असें पडलें. हें आमच्या अमरावतीच्या जुन्या नांवाचें, उमरावतीचें, अर्धें तोडलेलें रूप. अमरावतीचा शेतकरी कधीं समुद्र पाहूं शकला नाहीं, पण त्याच्या गांवाचें नांव समुद्रापार दररोज उच्चारलें जात होतें. भाव ठरवितांना मात्र त्याला कोणी विचारीत नव्हतें.

येथवरची कथा मालाची झाली. आतां माणसाच्या सवडीची थोडी कथा सांगितली पाहिजे. कारण सफरीला रेल्वेइतकीच सुट्टीही लागते. यात्रा आपल्या लोकांस जुनी आहे, पण ती महिनोगणतीची. आठवडा संपला म्हणून दोन दिवस कोठें तरी जाऊन येणें ही कल्पना नवी, आणि तीही त्याच बेटावरून आलेली. मुंबईंत १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिली कापडगिरणी काढली. पुढें परळ-लालबागच्या अंगानें गिरण्यांचें एक गांवच उभें राहिलें. तेथें कोंकणांतून व देशावरून आलेला मजूर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबे, आणि आठवड्याला ठरलेली सुट्टी त्याला नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालापासून मजुरांची संघटना करून ही मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास मजूर जमले, त्यांत बायाही होत्या व त्यांनीं भाषणें केलीं. आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. सरकारी कचेऱ्यांचा रविवार निराळा. तो साहेबाच्या धर्माबरोबर आला. पण राबणाऱ्याचा रविवार या लोकांनीं मागून मिळविला. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांस २९ फेब्रुवारी २०२० पासून शनिवारही मोकळा झाला आणि आमच्याकडील पुष्कळ नोकरदार घरांत दोन दिवसांच्या सफरीचे बेत होऊं लागले. ते करतांना महालक्ष्मीच्या त्या सभेची आठवण ठेवावी.

इतकी पूर्वपीठिका ध्यानांत घेऊन आतां प्रत्यक्ष आखणी करूं. काळ निवडावा तो पौष-माघाचा. मुंबईची हवा तेव्हां सुसह्य असते, आणि वऱ्हाडांत कापसाची वेंचणी होऊन जिनांतून गांठी बाहेर पडत असतात. निघण्यापूर्वीं आठवडाभर गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ सालचें 'मुंबईचें वर्णन' घरांत मोठ्यानें वाचावें; कापसाच्या भरभराटीच्या ऐन मध्यावर तें प्रसिद्ध झालें आहे. नव्या समृद्धि महामार्गानें मोटारीनें जाणेंही आतां शक्य आहे. तो जून २०२५ मध्यें पुरा झाला. तथापि या सफरीपुरती आमची शिफारस शुक्रवार रात्रीच्या आगगाडीची आहे. रुई ज्या रुळांवरून गेली त्याच वाटेनें आपण जावें आणि कसाऱ्याचा घाट पहाटे जागें राहून उतरावा.

शनिवारीं सकाळीं बोरीबंदरावर उतरल्यावर घाईनें बाहेर पडूं नये. १८७८ सालीं सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिलेली ती इमारत आज छत्रपति शिवाजी महाराजांच्या नांवानें ओळखली जाते. तिचा डौल मालाच्या वाहतुकीनें पोसलेला आहे. तेथून पायीं सेंट थॉमसच्या देवळाकडे जावें. समोरचें वर्तुळाकार उद्यान हीच ती जागा, जेथें गांठी पडत. मग राजाबाई मनोरा पाहावा. प्रेमचंद रायचंदानें भरभराटींत दिलेल्या देणगींतून, आपल्या आईच्या नांवानें, तो उभा राहिला. देणारा १८६५ च्या बुडीत सांपडला, पण २८० फुटांचा मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. संध्याकाळीं मुलांना खुशाल समुद्र दाखवावा. मरीन ड्राइव्हवर उभें राहून त्यांस एवढेंच सांगावें कीं पायांखालची ही जमीन पूर्वीं पाणी होतें, आणि तें हटविण्याचें जें स्वप्न कापसाच्या पैशावर पाहिलें गेलें तें विसाव्या शतकांत साकार झालें.

रविवारीं सकाळच्या लाँचनें घारापुरीस जावें. तासाभराचा जलप्रवास, नारळी आणि होडी यांनीं मुलांचा बेटाचा हट्ट येथें पुरेपूर फिटतो. लेण्यांतील प्रचंड त्रिमुखी शिव सहाव्या शतकांतला मानतात. त्याआधीं थोड्याच काळापूर्वीं अजिंठ्याची उत्तम लेणीं ज्या वाकाटक हरिषेणाच्या राज्यांत कोरलीं गेलीं, त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम. दुपारीं परतून हार्बरच्या गाडीनें कॉटन ग्रीन स्थानकावर उतरावें. कुलाब्याचा कापूसबाजार विसाव्या शतकांत या बाजूला आला, आणि बाजाराचें वैभव ओसरलें तरी स्थानकाचें नांव राहिलें. तेथून परळ-लालबाग जवळ आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फीनिक्स मिलच्या जागीं आज झगमगीत दुकानें आहेत. त्या दुकानांतही मुलें रमतील. आपण मात्र जुनी धुराडीं दिसतात काय तें शोधावें.

या सगळ्यांतून मुलांस उदास करावें असा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्यांनीं रुई पिंजली, कातली, विणली त्यांच्या वस्त्या मोडल्या, आणि ज्यांनीं ती पिकविली त्यांच्या घरांतून गेल्या तीस वर्षांत आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या, या दोन गोष्टी एकाच दोऱ्याच्या दोन टोकांच्या आहेत. १९७२ सालीं सरकारनें एकाधिकार खरेदीची योजना काढून तो दोरा आपल्या हातीं घेऊन पाहिला, पण तोही टिकला नाहीं. भाव दूर ठरतो आणि जोखीम शेतांत राहते, ही १८६५ सालची स्थिति पुष्कळ अंशीं अद्याप तशीच आहे. शिकलेल्या वऱ्हाडी कुटुंबांतून बहुधा एका-दोन पिढ्यांमागेंच शेती सुटलेली असते. त्यांच्या मुलांना हें कोणीं सांगावयाचें?

रविवार रात्रीच्या गाडीनें निघून सोमवारीं सकाळीं कुटुंब घरीं पोंचेल. तेव्हां अकोल्याच्या अलीकडे-पलीकडे शेतांत वेंचणीला निघालेल्या बाया दिसतील. त्यांना ना शनिवार, ना रविवार. गाडीच्या खिडकींतून त्यांच्याकडे पाहून एखाद्या मुलानें जर विचारलें, 'बाबा, यांना आज क्विंटलला काय भाव मिळेल?' तर त्या कुटुंबाची सफर सफल झाली असें आम्ही समजूं.