डुम, तक आणि मधला गंधार

हेडफोन नीट लावा, कारण आजचा भाग सगळा कानांचा आहे. विषय आहे अरबी संगीत. लोक ते एकत्र बसून कसं शिकत आले, आणि आपल्या मुलखाशी त्याचं काय नातं? "आकुर्डीत बसून अरबस्तान कशाला?" असं कुणी म्हणेल. म्हणून आधी शब्द बघू.

शाहीर हा शब्द अरबी 'शाइर'वरून आला, म्हणजे कवी. त्याच्या हातातला डफसुद्धा अरबीच. रायगडावर नगारखाना आहे, त्यातला नगारा म्हणजे अरबी 'नक्कारा'. आणि 'नौबत' तर भारी आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाळी, खेप. आपल्याकडे ठरलेल्या वेळी नौबत झडायला लागली. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात त्याच शब्दाची 'नूबा' झाली, म्हणजे गाणी एकामागून एक जोडलेली लांबलचक सामूहिक मैफल.

शब्दांसोबत माणसंही आली. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातले अरब शिपाई होते. मराठवाडा 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ही मंडळी मराठवाड्यातही स्थायिक झाली. 'चाऊस' हे आडनाव तुम्ही ऐकलं असेल, ती त्याच इतिहासाची खूण. हैदराबादेत लग्नात वाजणारा 'मरफा' अरब आणि आफ्रिकी वंशाच्या अशाच सैनिकांकडून आला. मोठी माणसं वाजवतात, पोरं शेजारी उभी राहून उचलतात.

आता जुनी अरबी मैफल डोळ्यांसमोर आणा. वादकांच्या छोट्या संचाला म्हणतात 'तख्त'. हो, आपलंच तख्त! त्यात ऊद, कानून, नाय नावाची बासरी, व्हायोलिन आणि झांजा लावलेली छोटी खंजिरी, रिक. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकजण आपापल्या हरकती घेतो. ठेका आधी तोंडाने म्हणायचा, मग हाताने. 'मकसूम' नावाचा ठेका मांडीवर वाजवून बघा: डुम तक, थांबा, तक, डुम, थांबा, तक, थांबा. आठ मात्रा झाल्या. आपल्याकडे तबल्याचे बोल असेच तोंडपाठ करतात ना?

खरी गंमत सुरांत आहे. 'रास्त' नावाचा एक मकाम आहे. मकाम म्हणजे ढोबळमानाने त्यांचा राग. रास्तचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी बसतो. बरं, हे 'कुठेतरी'सुद्धा सगळीकडे सारखं नाही. तुर्कस्तानात तो थोडा वर, इजिप्तमध्ये त्यापेक्षा खाली.

1932 साली कैरोत राजा फुआदच्या आश्रयाखाली अरबी संगीताची मोठी परिषद भरली. युरोपातून बार्टोक आणि हिंडेमिथसारखे संगीतकार आले होते. एक प्रस्ताव असा होता की सप्तकाचे 24 समान भाग करून टाकू, म्हणजे सगळ्या अरबांची एकच मोजपट्टी. इंजिनिअरच्या भाषेत सांगतो, मधला सूर राउंड ऑफ करायचा. त्यावर जोरदार वाद झाला आणि एकमत झालंच नाही. पियानोला जागा द्यावी का, यावरही मतभेद होते. व्हायोलिनला मात्र तख्तात आधीच जागा मिळाली होती, कारण त्यावर पडदे नसतात, बोट सरकवलं की मधला सूर सापडतो. त्या परिषदेत वेगवेगळ्या देशांच्या वादकांचं ध्वनिमुद्रण झालं, म्हणून तो काळ आज आपण ऐकू तरी शकतो.

हाच वाद आपल्या घरीही झालाय. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी शेकडो बंदिशी जमवून स्वरलिपीत उतरवल्या. 1916 साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्यामागेही तेच होते. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं उस्तादाच्या घरातून वर्गात आणलं. फायदा उघड होता: ज्यांना गुरूच्या घराचं दार बंद होतं, त्यांना शिकायला मिळालं. पण कागदावर सूर लिहिता येतो, त्याचा नेमका झुकाव नाही. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, तेव्हा एक मोठा आक्षेप हाच होता की तिच्या पट्ट्या श्रुती दाखवू शकत नाहीत. ती बंदी 1971 साली सैल झाली.

मला हा इतिहास का महत्त्वाचा वाटतो? आम्ही चार मित्र शनिवारी रात्री फ्लॅटवर रास्तची एक चाल बसवतोय. फोनवरच्या पियानो ॲपमध्ये बारा पट्ट्या, त्यामुळे तो गंधार वाजतच नाही. आमच्यातला एकजण लहानपणापासून भजनी मंडळात गातो. त्याने रेकॉर्डिंग दहा-बारा वेळा ऐकलं आणि सूर गळ्यातून काढला. मग त्याचं ऐकून बाकीच्यांना जमायला लागला.

त्याचं शिक्षण कुठे झालं? इथेच. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. दिंडीत चाल एकच असते, गळे शंभर. कुणी पुढे गातो, बाकीचे उचलतात. टाळ धरलेलं पोरगं शेवटच्या रांगेत उभं राहून शिकतं. तख्तात काय वेगळं होतं?

आज गाणी बनवणारं सॉफ्टवेअर आपल्यासारखेच लोक लिहितात. त्यात बारा पट्ट्या आधीच ठरलेल्या असतात आणि ऑटोट्यून प्रत्येक सूर जवळच्या पट्टीवर ओढून नेतो. कैरोत निदान भांडण तरी झालं होतं. आता सूर गोल होतो तेव्हा कुणी विचारतही नाही. म्हणून ॲप जरूर वापरा, पण आठवड्यातून एकदा माणसांच्या घोळक्यात गा. भजनी मंडळ असो, शाहिरी पथक असो नाहीतर मित्रांचा फ्लॅट. तिथे सूर हलला तर शेजारचा माणूस सांभाळून घेतो.

या आठवड्याचं काम: मकसूमचा ठेका कुणालातरी तोंडाने शिकवा, लिहून द्यायचा नाही. जमलं का ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!