पाच गुणांनी

पुण्यात मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या गेटवर एरवी तुम्हाला पास विचारला असता. पण तुम्ही २०१० सालात शिरताय, आणि पुढल्या काळातून आलेल्याला अडवायचा हुकूम जवानाकडे नाही. सरळ बॉक्सिंगच्या हॉलमध्ये जा. आधी वास येतो, भिजून वाळलेल्या आणि पुन्हा भिजलेल्या ग्लोव्ह्जचा. मग आवाज. ठोशात नुसता जोर असला की पंचिंग बॅग झुलते. नेमका बसला की जागच्या जागी हादरते.

कोपऱ्यात एक पोरगा हाताला पट्टी गुंडाळतोय. अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून. टोक दातात धरलंय. इथल्या बॉईज कंपनीत कोवळ्या वयातच पोरं घेतात; शाळा, मेस, सराव सगळं आत, आणि वय झालं की फौजेत भरती. कुणी मणिपूरचा, कुणी हरियाणाचा. मराठी फारशी कानावर पडत नाही. पुण्याचा जीव कुस्तीत. बॉक्सिंग म्हटलं की आपल्याला अजून कॅम्पच आठवतो.

इंफाळचा लैश्राम देवेंद्रो सिंग याच संस्थेचा. वजनी गट ४९ किलो. त्याच्यासाठी लंडनला चला.

८ ऑगस्ट २०१२, ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, म्हणजे आज जिंकला की पदक पक्कं. पोरगा वीस वर्षांचा. होंडुरासच्या बायरन मोलिनाला त्यानं पहिल्याच फेरीत, अडीच मिनिटांच्या आत गारद केलंय. बीजिंगचा रौप्यविजेता, मंगोलियाचा सेर्दाम्बा पुरेवदोर्ज, त्यालाही १६-११ असं हरवलंय. आज समोर आयर्लंडचा पॅडी बार्न्स, बीजिंगचा कांस्यविजेता.

घंटा होते आणि देवेंद्रो अंगावर धावून जातो. पाय एका जागी ठरत नाहीत, हात थांबत नाहीत. तुम्ही खुर्चीच्या कडेवर येता. पण पंचांपुढं बटणं आहेत, आणि गुण फक्त स्वच्छ बसलेल्या ठोशाला. सरबत्तीतले निम्मे बार्न्सच्या कोपरांवर आणि ग्लोव्ह्जवर जिरतात. बार्न्स वाट बघतो, एक मारतो, सरकतो. २३-१८. पाच गुण.

शेजारचा कुणी भारतीय म्हणतो, ‘पुढच्या वेळी नक्की!’ तुम्हाला पुढचं ठाऊक आहे; सांगू नका. चारच महिन्यांत, डिसेंबरमध्ये, भारतीय बॉक्सिंग महासंघ निलंबित होणार आहे. विशीतली ऐन वर्षं, आणि घरचा कारभारच ठप्प. ज्या बटणांनी आज घात केला, ती २०१३ मध्ये मोडीत निघतील. २०१४ ला ग्लासगोत राष्ट्रकुलच्या अंतिम फेरीत पुन्हा हाच बार्न्स भेटेल, आणि देवेंद्रोला रौप्य. रिओची पात्रता हुकेल. टोकियोपर्यंत पुरुषांचा ४९ किलोचा गटच ऑलिंपिकमधून गेलेला असेल.

‘रग होती, डोकं नव्हतं,’ हा आपल्या कट्ट्यावरचा ठरलेला निकाल. मला तो पटत नाही. त्याच रगेनं बीजिंगचा रौप्यविजेता घरी पाठवला होता. आणि डोकं शिकवायला लढती लागतात. त्या भरवणारेच भांडत बसले तर पोरानं शिकायचं कुठं?

आता आणखी मागं चला. वाटेत १९८८ च्या सोल ऑलिंपिकवर नुसती नजर टाका. भारताच्या बॉक्सिंग चमूत दोन मराठी नावं, मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार. पदक नाही. बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक यायला अजून वीस वर्षं आहेत.

मग सप्टेंबर १९६५, सियालकोट आघाडी. इथं जरा सांभाळून उभे राहा. तो विशीतला, रुंद खांद्यांचा जवान सांगली जिल्ह्यातला, मुरलीकांत पेटकर. लाल मातीतली कुस्ती खेळत वाढला, फौजेत आला, लष्कराच्या ईएमई दलात बॉक्सर झाला. गेल्याच वर्षी टोकियोत सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशाकडून खेळून आलाय. शिटी वाजते. काहींना वाटतं, चहाची. ते बाहेर येतात. वरून विमानं. हे पेटकरांनी स्वतःच नंतर अनेकदा सांगितलंय. अंगात गोळ्या घुसतात, वरून गाडी जाते. एक गोळी पाठीच्या कण्यातच राहते. कमरेखालचं शरीर संपतं.

इथून पुढं सगळे घाईनं हायडेलबर्गला जातात. तुम्हीही जाल, १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. बघायलाच हवं. व्हीलचेअरवरून पाण्यात उतरणाऱ्या त्या माणसाचे खांदे नीट बघा, ते रिंगणातच घडलेत. त्यांच्यावरचा चित्रपटही त्याच पाण्याभोवती फिरतो. पण टोकियोहून परतलेला बॉक्सर किती पुढं गेला असता? बॉक्सिंग जमेल ते वय त्यानं इस्पितळातल्या खाटेवर काढलं. पुढं टेल्कोत, पुण्यातच, नोकरी केली.

१९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता. नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली.

शेवटचा मुक्काम १७ जानेवारी २०२५, राष्ट्रपती भवन. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार. ऐंशीच्या घरातले पेटकर, टाळ्या थांबत नाहीत. हातातली पुरस्कारार्थींची यादी उघडा. नावापुढं खेळ दिलाय, पॅरा-जलतरण.