सभेच्या आधीची प्रार्थना

एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या कार्यकारिणीचे इतिवृत्त चाळले तर पहिली नोंद बहुधा एकच असते: प्रार्थनेने सभेस आरंभ झाला. पुढचे विषय मात्र छताची गळती, दफनभूमीच्या कुंपणाचा खर्च, शाळेची फी असे साधे व्यवहाराचे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या सभांत गणपूर्ती झाली की थेट कामाला सुरुवात होते. मग कुंपणाच्या खर्चाआधी प्रार्थना कशासाठी? याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रापासून छत्तीसगडपर्यंतचा बराच इतिहास हाती लागतो.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक सभा आहे. यहूदाच्या जागी नवा प्रेषित नेमायचा होता. दोन नावे पुढे आली, जमलेल्यांनी प्रार्थना केली आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. मत्थिया निवडला गेला. क्रम लक्षात घ्या: आधी प्रार्थना, नंतर निवड. म्हणजे निर्णय आपल्या एकट्याचा नाही, ही कबुली निर्णयाच्या आधी द्यायची.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले. 1831 मध्ये त्यांच्या मिशनचे काम अहमदनगरला सुरू झाले. या पंथात वरून आज्ञा देणारा बिशप नसतो, सभासदच बसून ठरवतात. माझ्या मते आरंभीच्या प्रार्थनेला इथे जास्त वजन येते ते याच कारणाने. हुकूम देणारा कोणी नसला, की बहुमत म्हणजे केवळ डोकी मोजणे नव्हे, हे सभेला स्वतःलाच सांगावे लागते.

ही रीत ख्रिस्ती मंडळींपुरती राहिली नाही. मुंबईत 1849 मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या गुप्त बैठकांत दादोबा पांडुरंगांनी रचलेल्या मराठी प्रार्थना म्हटल्या जात. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जात मोडल्याची ती खूण होती. सभासदांची नावे फुटल्यावर 1860 च्या सुमारास ही सभा विस्कटली. 31 मार्च 1867 रोजी उघडपणे जी संस्था उभी राहिली, तिने तर नावच ‘प्रार्थना समाज’ घेतले. या मंडळींनी मिशनऱ्यांकडून सामुदायिक उपासनेचा साचा उचलला आणि आत शब्द भरले ते तुकोबांच्या परंपरेतले. ख्रिस्ताला मात्र त्यांनी त्यात स्थान दिले नाही.

उलट्या दिशेने आलेला माणूस म्हणजे नारायण वामन टिळक, आणि त्यांची वाट आमच्या भागातून जाते. रायपूरहून नागपूरकडे निघालात की दुर्गच्या पुढे राजनांदगाव लागते. 1893 च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर मराठी ख्रिस्ती उपासनेत बरीचशी गीते इंग्रजी चालींवर बेतलेली, भाषांतराचा वास येणारी होती. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आत आणले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. सभेच्या आरंभी खुर्चीवर ताठ बसून पाठ म्हणण्याऐवजी लोक टाळ धरू लागले. 1917 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत अशी कल्पना होती. दोन वर्षांनी ते वारले आणि ती कल्पना फार पुढे गेली नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली आणखी वेगळे घडले: शेकडो स्त्रिया एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. तिथे इतिवृत्त लिहायला बसणाऱ्याची काय अवस्था झाली असेल!

आता जी सभा सर्वांची आहे, तिथे काय करायचे? फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना घडत असताना, 28 जून 1787 रोजी, बेंजामिन फ्रँकलिन यांनी रोजचे कामकाज प्रार्थनेने सुरू करावे असे सुचवले. मतदान न घेताच सभा उठली. आपल्या संविधान सभेत 17 ऑक्टोबर 1949 रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी उद्देशिकेच्या आरंभी ईश्वराचे नाव घालण्याची दुरुस्ती मांडली. रायपूर तेव्हा याच प्रांतात होते. इतक्या आतल्या श्रद्धेची बाब चर्चेला आणि मताला घातली जावी, याचाच हृदयनाथ कुंझरूंना खेद वाटला. तरी मत झाले: बाजूने 41, विरुद्ध 68. विरुद्ध मत देणारे सगळे नास्तिक होते असे समजू नका. मत्थियाच्या निवडीत प्रार्थना मतदानाच्या आधी होती. इथे तीच मतदानाचा विषय झाली आणि तिथेच अडचण आली.

छत्तीसगडात हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने 1868 मध्ये बिश्रामपूरला मिशन उभारले. ते गाव आज बलौदाबाजार जिल्ह्यात येते. त्याच बलौदाबाजारच्या दंडाधिकाऱ्यांसमोर पुढे रायपूरच्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर 1968 च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली खटला भरला गेला. 17 जानेवारी 1977 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. प्रार्थनेसाठी जमण्यावर या निकालाने बंदी घातलेली नाही; पण गावात चार घरे एकत्र जमली की ही प्रार्थना आहे की प्रचार, हे कोण ठरवणार, हा वाद तेव्हापासून मागे लागला. पंडरीच्या कापड बाजारात दुकान उघडताना गादीवर बसण्याआधी उदबत्ती लावून हात जोडणाऱ्याला असे कोणी विचारत नाही. फरक तुम्हीच तपासून पाहा.

तुमच्या स्वतःच्या महाविद्यालयापुरते कलम 28(3) वाचून ठेवा. शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही, त्याच्या संमतीशिवाय (सज्ञान नसल्यास पालकांच्या), धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. संस्था मिशनची असो वा ट्रस्टची, आणि आरंभी येशूची प्रार्थना असो वा सरस्वतीवंदना, कलम तेच लागू होते.