चंचल चित्त आणि कॉलेजचा उंबरठा

ठाण्याच्या नौपाडा भागास विद्येची हौस जुनी आहे. विद्या प्रसारक मंडळाची स्थापना १९३५ सालीं झाली; मंडळाच्या शाळा नौपाड्यांत वाढल्या, आणि १९६९ सालीं त्याच मंडळानें खाडीकांठीं, चेंदणी बंदर रस्त्यावर, कॉलेज काढलें. पुढें १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही मनाच्या आरोग्याची संस्था ठाण्यांत सुरू केली, व तिचेंहि नांव नौपाड्याशीं जोडलें गेलें. शाळा, कॉलेज आणि मनाचे वैद्य अशीं तिन्ही जवळ असतांहि एका प्रकारचा विद्यार्थी ह्या तिहींच्या मधल्या जागेंत हरवतो. दहावीपर्यंत हुशार गणलेला मुलगा कॉलेजांत गेल्यावर वर्षभरांत मागें पडतो. पुस्तक उघडें असतें, पण पान उलटत नाहीं. प्रकल्प अर्धवट राहतात. हजेरी भरत नाहीं. घरांत त्यास आळशी म्हणतात, कॉलेजांत बेफिकीर. ज्यास वैद्यक अवधान-न्यूनता व अतिचंचलतेचा विकार, अथवा इंग्रजी आद्याक्षरांनीं 'एडीएचडी', असें म्हणतें, त्याची शंका आली तरी बहुधा फार उशिरां येते. ह्याचें कारण शोधूं जातां तें वैद्यकाच्या सव्वादोनशें वर्षांच्या इतिहासांत सांपडतें.

स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनीं १७९८ सालीं मनोविकारांवरील आपल्या ग्रंथांत अवधानाच्या अस्थिरतेचें वर्णन केलें. ही अवस्था जन्मजात असूं शकते व तीमुळें शिक्षणाच्या एका विषयावर चित्त टिकवितां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. परंतु जातां जातां त्यांनीं एक दिलासाहि देऊन ठेवला : सुदैवानें हा दोष वयाबरोबर सामान्यतः कमी होतो. हा दिलासा पुढच्या पिढ्यांस फार महाग पडला. १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज स्टिल यांनीं व्याख्यानें दिलीं, त्यांत अशा मुलांच्या ठिकाणीं नैतिक संयमाची उणीव असते असें प्रतिपादन होतें. बुद्धि शाबूत असूनहि ही उणीव असूं शकते, हें त्यांनीं दाखविलें, हें त्यांचें श्रेय. पण तो 'नैतिक' शब्द आजहि पुष्कळ घरांत ठाण मांडून बसला आहे. १९३७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅडली यांनीं मुलांच्या डोकेदुखीवर बेंझेड्रीन देऊन पाहिलें, तों डोकेदुखी राहिली बाजूस आणि कित्येक मुलें अभ्यासांत रमूं लागलीं. उत्तेजक औषधानें चंचलता शमते, हा शोध असा आडवाटेनें लागला. १९४४ सालीं स्वित्झर्लंडांत लिआंद्रो पानिझोन यांनीं मेथिलफेनिडेट तयार केलें. 'रिटालिन' हें त्याचें बाजारांतील नांव त्यांच्या पत्नीच्या नांवावरून पडलें. रसायनशास्त्रज्ञांच्या संसारांतील हा एक दुर्मिळ काव्यप्रसंगच म्हणावयाचा!

औषध सांपडलें, तरी समजूत मात्र जागची हलली नाहीं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८ च्या वर्गीकरणांत ह्या विकारास बालपणाचा म्हणून स्थान मिळालें, आणि पौगंडावस्थेंत तो सहसा ओसरतो, अशी पुस्तीहि जोडलेली होती. क्रायटनचाच दिलासा, एकशें सत्तर वर्षांनंतर! १९७२ मध्यें कॅनडांत व्हर्जिनिया डग्लस यांनीं विकाराचें मूळ हातापायांच्या वळवळींत नसून अवधानांत आहे, असें मांडलें, व १९८० च्या वर्गीकरणानें विकाराचें नांवच त्याप्रमाणें बदललें. तेव्हां कोठें वर्गांत मुकाट्यानें बसून खिडकीबाहेर हरवणारी मुलगी वैद्यांच्या दृष्टीस पडण्याची सोय झाली. मोठ्या वयाच्या माणसांस मात्र आणखी थांबावें लागलें. सतरा वर्षांवरील व्यक्तींस सहाऐवजीं पांच लक्षणें पुरेशीं धरावीं, आणि लक्षणांचा आरंभ सातव्या वर्षाऐवजीं बाराव्या वर्षापूर्वीं झालेला असला तरी चालावा, असें ठरलें तें २०१३ सालीं.

आपल्याकडील कायद्याची कथाहि अशाच विलंबाची आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. वाचन, लेखन व गणित यांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यांत आल्या. अवधानाचा विकार स्वतंत्र नांवानें आला नाहीं. यादीबाहेरच्यांस दार अगदींच बंद आहे असें मात्र नव्हे. लिहितांना हात आंखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२१ मध्यें असा निर्णय दिला कीं, लेखनिकाची सवलत चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्यांपुरतीच मर्यादित ठेवतां येणार नाहीं.

तथापि मला खरी अडचण निराळीच दिसते. जादा वेळ काय किंवा लेखनिक काय, ह्या सवलती परीक्षेच्या तीन तासांच्या आहेत. आणि ह्या विद्यार्थ्याचा घात बहुधा त्या तीन तासांत होत नाहीं, तो आधींच्या चार महिन्यांत होतो. शाळेंत घंटा होती, रोजचा गृहपाठ होता, वहीवर बाईंची सही होती, क्लासचे सर होते, आणि स्वयंपाकघरांतून आईची नजर होती. मनास जें स्वतः होऊन करवत नव्हतें, तें हे टेकू करीत होते. कॉलेज ते सारे एकदम काढून घेतें आणि त्यास स्वातंत्र्य म्हणतें. सत्राच्या अखेरीस द्यावयाचा प्रकल्प चार तुकड्यांत, चार निरनिराळ्या तारखांस मागितला. सूचना तोंडीं न देतां लिहून दिल्या. आठवड्यास पंधरा मिनिटें एकाच प्राध्यापकांकडे बसून 'काय झालें, काय राहिलें' एवढेंच पाहिलें, तर कॉलेजला फारसा खर्च न येतां त्यांतील कांहीं टेकू परत उभे राहतात. औषधाचा पुष्कळांस गुण येतो, परंतु तें मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें. शिवाय लक्ष कोठें लावावें, हें औषध शिकवीत नाहीं. केवळ जादा वेळ देऊन हात झटकणाऱ्या संस्थेनें, ज्यास वेळच हातीं धरतां येत नाहीं त्यास आणखी थोडा वेळ दिला, एवढेंच होतें.

विशीतल्या मुलास तज्ज्ञांकडे नेणाऱ्या पालकांस एक गोष्ट आधींच ठाऊक असलेली बरी. लक्षणें बाराव्या वर्षापूर्वींचीं होतीं काय, ह्याचा पुरावा तेथें पाहिला जातो, आणि घरच्यांच्या आठवणी अशा वेळीं पुष्कळदां धूसर निघतात. म्हणून माळ्यावरच्या ट्रंकेंतून तिसरी-चौथीचीं प्रगतिपुस्तकें काढून बरोबर न्यावीं. गुणांचे रकाने तेथें फारसे उपयोगी पडत नाहींत. वर्गशिक्षकांच्या शेऱ्याची ओळ पडते.