एवेन्कीची एक जागा
एका मताचे मोल सगळीकडे सारखे असावे, हे लोकशाहीचे तत्त्व. ते लावून पाहिले तर रशियाच्या राज्य ड्यूमातला, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातला, जुना एवेन्की मतदारसंघ सरळसरळ अन्याय वाटतो. मध्य सायबेरियातल्या या प्रदेशाचे क्षेत्रफळ 7,67,600 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट; लोकसंख्या मात्र 2002 च्या जनगणनेत 17,697. मतदार तेराएक हजार. त्या काळी ड्यूमाच्या 225 एकसदस्यीय मतदारसंघांत सरासरी साडेचार लाखांहून अधिक मतदार असत. तरीही ही जागा राखण्यासारखी होती आणि ती गेल्याने रशियन लोकशाहीचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. कारण ही जागा डोकी मोजून दिलेली नव्हतीच.

तिचे मूळ सोव्हिएत काळात आहे. रेनडियर पाळणाऱ्या आणि शिकारीवर जगणाऱ्या एवेन्की लोकांच्या नावाने 1930 मध्ये राष्ट्रीय ओक्रुग, म्हणजे जिल्हा, स्थापन झाला. 1936 च्या संविधानाने सर्वोच्च सोव्हिएत या संसदेच्या राष्ट्रीयता सभागृहात अशा प्रत्येक ओक्रुगला एक प्रतिनिधी दिला. 12 डिसेंबर 1937 ला पहिले मतदान झाले. एकाच उमेदवाराचे नाव ठेवून बाकीची खोडा, अशी सूचना मतपत्रिकेवर होती. खोडायला दुसरे नावच नव्हते. जागा होती, निवड नव्हती. बरोबर 56 वर्षांनी, 12 डिसेंबर 1993 ला, नव्या ड्यूमासाठी मतदान झाले. संघराज्याच्या प्रत्येक घटकाला किमान एक मतदारसंघ, या नियमाने एवेन्कीची जागा टिकली. आता मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली ‘सर्वांच्या विरोधात’ हा पर्यायही होता. जुन्या चौकटीत खरी निवड आली.

यावर पहिला आक्षेप असा की, घटकांच्या प्रतिनिधित्वासाठी वरिष्ठ सभागृह आहेच. तिथे एवेन्कीलाही इतरांसारख्याच दोन जागा होत्या. पण त्या जागांसाठी लोकांनी थेट मतदान केले ते फक्त 1993 मध्ये. पुढे गव्हर्नर आणि प्रादेशिक विधिमंडळाचे अध्यक्ष तिथे पदसिद्ध बसू लागले, आणि 2000 च्या बदलानंतर नेमलेले प्रतिनिधी आले. मॉस्कोत बसणारा आणि एवेन्कीच्या मतदाराने स्वतः निवडलेला माणूस फक्त ड्यूमातच उरला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 2002 मध्ये इथे एवेन्की वंशाचे लोक जेमतेम 3,802 होते, बहुसंख्य रशियन. इतका लहान मतदारसंघ पैशाला सहज वश होतो, ही भीतीही खोटी नव्हती. इथल्या तेलसाठ्यांवर युकोस कंपनीची नजर होती आणि 2001 मध्ये निवडून आलेले गव्हर्नर बोरिस झोलोतारेव्ह त्याच कंपनीतून आले होते. हे सारे मान्य केले तरी त्यातून निघते ते एवढेच की, निवडणुकीतल्या पैशावर करडी नजर हवी होती. शिवाय तेल आणि जंगल यांचे निर्णय तिथल्या रशियन शिक्षकाला, वैमानिकाला आणि एवेन्की शिकाऱ्याला सारखेच भोवतात. विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणून कोणी विहीर बुजवत नाही.

प्रत्यक्षात ती बुजली, आणि तीही मतांच्या समतेसाठी नव्हे. 17 एप्रिल 2005 च्या सार्वमतात एवेन्कीतल्या सुमारे 80 टक्के मतदारांनी क्रास्नोयार्स्क क्राय या प्रांतात विलीन होण्यास कौल दिला. 1 जानेवारी 2007 पासून विलीनीकरण अमलात आले. दरम्यान ड्यूमाच्या साऱ्याच एकसदस्यीय जागा रद्द करून सर्व 450 जागा पक्षांच्या याद्यांना देण्यात आल्या. ‘सर्वांच्या विरोधात’ हा पर्यायही 2006 मध्ये गेला. प्रदेश, जागा आणि नकाराचा हक्क, तिन्ही दोन वर्षांत संपले. 2016 मध्ये 225 एकसदस्यीय मतदारसंघ परत आले. एवेन्की तेव्हा क्रायचा एक जिल्हा होता. त्याचा स्वतंत्र मतदारसंघ परत आला नाही.