वसईचं भांडण पाण्याचं होतं

विरार फास्टमध्ये लटकून ऐकत असाल, तर आजची गोष्ट तुमच्याच वाटेवरची आहे.

वसईच्या पश्चिमेला समुद्रालगत केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या. तिथली सुकेळी खाल्ली आणि मगच मी या गावांचा इतिहास शोधायला लागलो. (आपला इतिहास पोटातूनच सुरू होतो.)

समुद्र एवढा जवळ, तरी विहिरी गोड्या कशा? बावखलांमुळे. वाडीतल्या या तळ्यांत पावसाचं पाणी साठतं, मुरतं आणि खारं पाणी मागे ढकलतं.

१९८०च्या दशकात मुंबईत घरं परवडेनात. बिल्डर वसईत आले, हरित पट्ट्यावर डोळा गेला. नव्या इमारतींना पाणी हवं, मग वाड्यांमधल्या विहिरींवर टँकर लागले. पाणी विकणारेही गावचेच! एकाने पंप लावला की शेजाऱ्याची विहीर मचूळ. मला विचाराल तर खरं अवघड भांडण हेच होतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. धर्मगुरू थेट बिल्डर आणि गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर! तरी १९९०मध्ये नियोजन सिडकोकडे गेलं. २००९मध्ये महापालिका झाली, ग्रामपंचायती गेल्या, गावं पुन्हा रस्त्यावर आली.

हेच दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४मध्ये ते गेले.

वाड्या अजून आहेत, कमी झाल्यात. कधी गिरीज-निर्मळकडे गेलात आणि झाडांत हिरवट पाणी दिसलं, तर डबकं म्हणू नका. बावखल आहे ते.