नकाशात नसलेली खाडी

सुट्टीचा बेत आखायचा म्हणजे आधी नकाशा उघडायचा, हे आपलं ठरलेलं. पण अलास्कातल्या ग्लेशियर बेचा नकाशा उघडताना आधी विचारावं लागतं, "कुठल्या सालचा?"

१७९४ च्या जुलैत कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतले लोक जोसेफ व्हिडबीच्या हाताखाली होड्या वल्हवत इथे आले, तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. किनाऱ्याला जेमतेम आठ किलोमीटरची एक खाच, आणि तिच्या पुढे बर्फाची भिंत. त्यांनी जे दिसलं ते कागदावर उतरवलं आणि पुढे गेले. १८७९ मध्ये जॉन म्यूर आला, तोवर भिंत पन्नास किलोमीटरच्याही मागे गेलेली होती. १९१६ पर्यंत मुख्य हिमनदी तोंडापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, आजच्या टार इनलेटच्या टोकाशी जाऊन पोचली. म्हणजे सव्वाशे वर्षांत एक अख्खी खाडी तयार झाली! जिथे कधीकाळी चार हजार फूट जाडीचा बर्फ होता, तिथे आज लोक कयाक वल्हवतात.

पुढच्या जुलैत आम्ही चौघं तिथे जायचं म्हणतोय. मी सिॲटलला असतो, त्यामुळे तिथून जूनो, जूनोहून बोटीने किंवा छोट्या विमानाने गस्टाव्हस, आणि तिथून पार्कचं ठाणं असलेलं बार्टलेट कोव्ह, असा सरळ हिशोब आहे. (सरळ म्हणजे काय, गस्टाव्हसला बाहेरून येणारा रस्ताच नाही.) स्प्रेडशीट तयार आहे. तंबू, स्टोव्ह, अस्वलाला उघडता येणार नाहीत असे खाण्याचे डबे, भरती-ओहोटीचं वेळापत्रक, सगळे रकाने भरले. आणि मग भरता भरता लक्षात आलं की प्रत्येक रकान्याच्या मागे काहीतरी घडून गेलेलं आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात बर्फापासून. एवढा बर्फ इतक्या झटपट गेला कसा? समुद्रात उतरणारी हिमनदी आपल्या तोंडाशी दगडगोट्यांचा एक बांध रचत असते. त्या बांधावर टेकून आहे तोवर ती बरी असते. एकदा का बांध सोडून मागे सरकली, की तिचं तोंड खोल पाण्यात येतं, कडे तुटून पडायचा वेग वाढतो आणि पुढचा उथळ भाग मिळेपर्यंत ती थांबत नाही. थोडक्यात, या खाडीतली ती मोठी माघार म्हणजे काही गाड्यांच्या धुराची करामत नव्हती. 'छोट्या हिमयुगा'चा शेवट आणि हिमनदीचा हा स्वभाव, दोन्ही मिळून ते झालं. आज अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या झिजताहेत त्यामागे मात्र वाढतं तापमान आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक दाखवून दुसरी नाकारायची चलाखी कुणी केली, तर ऐकून घेऊ नका.

आता खरी गोष्ट. आमच्यातल्या एकाचं या सहलीबद्दलचं वाक्य ठरलेलं आहे: "अरे, जिथे माणसाचा पायच पडला नाही अशी जागा बघायची." माहितीपत्रकंही तेच सांगतात. अस्पर्श निसर्ग, कोरी जमीन वगैरे वगैरे. मी वाचायला लागलो आणि हे वाक्य पहिल्या तासाभरातच गडगडलं.

बर्फ यायच्या आधी इथे गावं होती. हुना क्लिंगिट लोकांची. साधारण तीनशे-सव्वातीनशे वर्षांपूर्वी खाडीचा खालचा भाग म्हणजे गवताळ मैदान होतं, त्यातून नदी वाहायची, नदीत सामन मासे चढायचे. हिमनदी दूर वर होती. मग ती पुढे यायला लागली. हुनांच्या कथेत एका मुलीला एकांतात ठेवलेलं असतं, ती हिमनदीला साद घालते आणि हिमनदी येते, धावत्या कुत्र्याच्या वेगाने! घरं चिरडली जातात, लोक होड्यांत बसून निघतात आणि एक बाई मागे, घरातच थांबते. कोण थांबते, ती मुलगी की तिची आजी, याबद्दल सांगणाऱ्यांत फरक आहे; पण कुणीतरी थांबलं यावर सगळ्यांचं एकमत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बर्फ खाडीच्या तोंडापर्यंत आला होता. लोक विखुरले, आणि बरेच जण आइसी स्ट्रेटच्या पलीकडे, आजच्या हूना गावी जाऊन स्थिरावले.

ही नुसती दंतकथा असं म्हणून सोडून द्यावी, तर तसंही नाही. भूगर्भतज्ज्ञांनी गाळाचे थर आणि बर्फाखाली गाडल्या गेलेल्या झाडांचे बुंधे तपासले, तेव्हा मैदान, नदी आणि मग झपाट्याने आलेला बर्फ, हा क्रम गोष्टीशी जुळला. म्हणजे १७९४ चा तो सुबक नकाशा 'सुरुवात' नाहीच. व्हिडबीने काढलं ते गाडलेल्या गावांवरच्या बर्फाचं चित्र.

खाडी उघडायला लागली तसे हुना लोक परत यायला लागले. सील मारायला, मासे पकडायला, बेरी आणि पक्ष्यांची अंडी गोळा करायला. जागेला त्यांनी नवीन नाव दिलं, त्याचा अर्थ साधारण 'हिमनदीच्या जागी आलेली खाडी'. एका नावात सगळा इतिहास बसवला की नाही? आपलं 'ग्लेशियर बे' त्याच्यापुढे अगदीच सरकारी वाटतं.

आता म्यूरबद्दल. पुस्तकांत सरसकट 'जॉन म्यूरने ग्लेशियर बे शोधली' असं असतं. १८७९ च्या ऑक्टोबरात हा मनुष्य फोर्ट रँगेलहून निघाला तो चार क्लिंगिट सोबती आणि एक मिशनरी घेऊन, क्लिंगिट होडीतून. जवळ व्हँकूव्हरचा नकाशा होता. तोवर तो उत्तम चालला, पण इथे त्याने मान टाकली, कारण पुढची खाडी त्याच्यात नव्हतीच. होती ती होडीतल्या एकाच्या आठवणीत. लहानपणी तो तिथे सीलच्या शिकारीला गेला होता. तिथे लाकूड मिळणार नाही, जळण सोबत घ्या, हेही त्यानेच सांगितलं. पुढे हुनांचा शिकारी तळ लागला आणि तिथला एक माणूस वाटाड्या म्हणून बरोबर आला. म्हणजे ज्याने 'शोधली' त्याला आत नेणारे लोक आधीच आत जाऊन-येऊन होते. म्यूरने हे लपवलं नाही बरं का, त्याच्याच लिखाणात हे आहे. आपण वाचताना ते गाळतो.

आमच्या स्प्रेडशीटमध्ये 'स्टोव्ह आणि इंधन' असा रकाना आहे. तो भरताना मला हटकून ते जळण आठवतं.

म्यूरच्या लिखाणाने गर्दी ओढली. १८८३ पासून प्रवासी आगबोटी खाडीत यायला लागल्या आणि म्यूर ग्लेशियर बघणं ही फॅशन झाली. सप्टेंबर १८९९ मध्ये मोठा भूकंप झाला. हिमनदीचा इतका बर्फ तुटून पाण्यात पसरला की बोटींना जवळ जाता येईना. पर्यटन थंडावलं. मग आले शास्त्रज्ञ. १९१६ मध्ये विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने बर्फ हटलेल्या उघड्या जमिनीवर मोजून चौकोन आखले: आधी काय उगवतं, मग काय. ते चौकोन शंभर वर्षांनीही मोजले गेले. कयाकवाल्याला ही प्रयोगशाळा फुकटात दिसते. खाडीच्या तोंडाशी स्प्रूसचं दाट जंगल, मध्ये अल्डरची झुडपं, वर टोकाशी नुसते धोंडे आणि शेवाळ. जितकं आत जाल तितकी जमीन वयाने लहान. आणि ती अजून उठतेय! बर्फाचं ओझं उतरल्यामुळे गस्टाव्हस परिसर दरवर्षी अंदाजे अडीच-तीन सेंटीमीटर वर येतो.

कूपर आणि मंडळींनी आग्रह धरला आणि १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ग्लेशियर बे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. १९८० मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. चांगलं झालं, यात वादच नाही. नाहीतर आज आम्ही तिथे काय बघायला जाणार होतो? पण शास्त्रासाठी आणि निसर्गासाठी राखलेल्या जागेत सील मारणारा, अंडी गोळा करणारा माणूस बसेना. नियम हळूहळू आवळत गेले. आधी अंडी, मग १९७० च्या दशकात सीलची शिकार. बर्फाने एकदा हाकललेले लोक दुसऱ्यांदा बाहेर झाले, या वेळी कागदाने. मला स्वतःला हा इतिहासातला सगळ्यात अवघड भाग वाटतो, कारण यात कुणी सरळसोट खलनायक नाही. जागा वाचवणारेच लोक, आणि ती वाचवायची कुणापासून, तर जे तिथे पिढ्यान् पिढ्या जगले त्यांच्यापासून?

याउलट उदाहरण समुद्री ऊदमांजराचं, म्हणजे सी ऑटरचं. त्याच्या कातड्यासाठी रशियन व्यापाऱ्यांनी अ‍ॅल्यूशियन बेटांवरच्या लोकांना जबरदस्तीने शिकारीला जुंपलं. हे लोक चामडी कयाकमधले जगातले उस्ताद. त्यांचे ताफे या किनाऱ्यापर्यंत आणले गेले आणि इथला ऑटर संपला. म्हणजे आपण हौसेने भाड्याने घेतो त्या कयाकची पूर्वज या किनाऱ्यावर सहलीला आली नव्हती! (क्लिंगिटांची स्वतःची होडी वेगळी, अख्खं खोड कोरून केलेली.) १९११ च्या करारानंतर शिकार थांबली, १९६५ ते १९६९ मध्ये सुमारे चारशे ऑटर आग्नेय अलास्कात आणून सोडले, आणि आज ग्लेशियर बेमध्ये ते हजारोंनी आहेत. 'अस्पर्श निसर्ग' म्हणून आपण ज्याचे फोटो काढणार, तो प्राणी माणसानेच विमानाने परत आणलेला आहे.

माणसांना परत यायला जास्त वेळ लागला. २०१४ मध्ये कायदा झाला आणि हुनांना कुरव पक्ष्यांची अंडी पुन्हा गोळा करायची मुभा मिळाली. २०१६ च्या २५ ऑगस्टला बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर 'खुना शुका हीत', म्हणजे हुनांच्या पूर्वजांचं घर, उघडलं. पार्क खात्याने आणि हूनाच्या जमातीने मिळून बांधलेलं. हूनाहून लोक कोरीव होड्या वल्हवत आले. अडीचशे वर्षांनी खाडीत कुळांचं घर उभं राहिलं.

तर आता आमचा बेत. वाद पश्चिम फाटा की पूर्व फाटा असा आहे. पश्चिमेला समुद्रात कोसळणारे बर्फाचे कडे आहेत, पण क्रूझ जहाजंही आहेत (दिवसाला जास्तीत जास्त दोन). पूर्वेला म्यूर इनलेट, तिथे शांतता, पण खुद्द म्यूर ग्लेशियर १९९३ पासून समुद्राला टेकतच नाही. जॉन्स हॉपकिन्स इनलेट मे-जूनमध्ये सीलच्या पिल्लांसाठी बंद असतो, म्हणून जुलै. मी पूर्वेच्या बाजूने मत दिलंय. एक हिमनदी कुठपर्यंत होती आणि आता कुठे आहे, हे दोन्ही हातांनी वल्हवत मोजायला मला आवडेल. बाकी तिघांना बर्फ कोसळताना बघायचाय, त्यामुळे बहुधा पश्चिमच ठरेल. लोकशाही आहे!

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो आणि ती मान्य झाली. परवाना आणि सक्तीची माहिती-बैठक उरकून लगेच पाण्यात उतरायचं नाही. पहिला अख्खा दिवस बार्टलेट कोव्हला, त्या घरात. स्प्रेडशीटमध्ये त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचं, असं 'माणसाचा पाय न पडलेली जागा'वाल्या मित्राने विचारलं. मी लिहिलं, "यजमानांची भेट". त्याने ते खोडलेलं नाही.